आधार पातळी तुटेपर्यंत धीर धरावा

रविवारी सकाळी चहाबरोबर येत्या आठवड्यातील बाजाराचा अंदाज वाचण्याची सवय आपण अद्याप लावून घेतली नसेल, तर ती त्वरित लावावी. कारण बाजार सोमवारी सकाळी सव्वानऊला उघडतो आणि तोवर काहीही न गमावता नुसते बसून राहणे कोणत्याही सच्च्या गुंतवणूकदाराला झेपत नाही.

निफ्टी निर्देशांकाने आधार पातळी, म्हणजे घसरण जिथे थांबेल असे मानतात तो आकडा, राखली तर बाजार वर जाईल आणि ती तुटली तर घसरण वाढेल, हे वाक्य आले की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. हे भाकीत आजवर एकाही आठवड्यात चुकलेले नाही. हवामान खात्याला ही युक्ती सुचलेली नाही. ते बिचारे पावसाचे अंदाज टक्क्यांत देतात आणि वर्षभर बोलणी खातात.

कारणांचीही चिंता करू नये. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा व्याजदर, कमी केल्यावर निर्देशांक वाढला, तर बाजाराने कपातीचे स्वागत केले असे समजावे. पडला, तर ती कपात बाजाराने आधीच गृहीत धरली होती. रुपया घसरला की डॉलरमध्ये कमावणाऱ्या आयटी कंपन्यांचे समभाग वधारतात, आणि नाहीच वधारले तर अमेरिकेतील मंदीची भीती त्यासाठी कायम हाताशी असते.

मात्र एका गृहस्थाचा आदर्श चुकूनही ठेवू नये. हा गृहस्थ काल्पनिक आहे, पण आकडे खरे आहेत. 31 मे 2024 च्या शुक्रवारी सेन्सेक्स 73,961 वर बंद झाला, तेव्हा हा गृहस्थ फोन बंद करून गावी गेला. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्या आल्या, सोमवारी निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळला, मंगळवारी मतमोजणीच्या दिवशी 4,390 अंशांनी कोसळला, बुधवारी पुन्हा 2,300 अंशांनी सावरला आणि शुक्रवारी 76,693 या तेव्हाच्या विक्रमी पातळीवर बंद झाला. आपल्यासारखे अभ्यासू लोक सोमवारी खरेदी, मंगळवारी विक्री आणि बुधवारी पश्चात्ताप अशा क्रमाने राबत असताना, हा माणूस आंबे खाऊन परत आला आणि काहीही न करता फायद्यात राहिला. अशा निष्काळजीपणाने अर्थव्यवस्था चालत नाही. दलालांनाही मुलेबाळे आहेत.

एवढ्याने समाधान होत नसेल, तर वायदे आणि ऑप्शनकडे, म्हणजे समभागांच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांकडे, वळावे. सेबी या बाजार नियामक संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत तेथील 93 टक्के वैयक्तिक सौदे करणाऱ्यांना तोटा झाला आणि एकूण नुकसान 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होते. हे वाचून नाउमेद होण्याचे कारण नाही. उरलेल्या 7 टक्क्यांत आपलीच गणना होते, हे आपल्याप्रमाणेच त्या 93 टक्क्यांनाही पक्के ठाऊक होते.

शेवटचे पथ्य म्हणजे, मागच्या रविवारचा अंदाज काढून तो ताडून पाहू नये. आमच्या घरी तो अंक फळीवर अंथरलेला आहे. त्यावर तूरडाळीचा डबा बसला असून, पेन्सिलीची रेघ मारलेल्या वाक्यातले ‘आधार पातळी’ एवढेच शब्द डब्याच्या कडेने दिसतात.