सगुणीवरचा खटला

परवा रात्री जेवताना लेक सहज बोलून गेली, "बाबा, मांजरांना गोड कळतच नाही. चवच लागत नाही त्यांना." तिच्या दृष्टीनं ती मोबाइलवर वाचलेली एक गंमत होती. मी मात्र घास हातात धरून तसाच बसलो. कारण पस्तीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरात एका मांजरीला गोड खाल्ल्याबद्दल शिक्षा झाली होती. साक्षीदारांत मीही होतो.

जेवण झाल्यावर नीट शोधून वाचलं. खरं आहे. 2005 साली अमेरिकेतल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी हे शोधून काढलं. जिभेला गोड कळायला दोन जनुकं धड असावी लागतात, आणि मांजरांत त्यातलं एक मोडकं निघालं. त्यांनी घरातल्या मांजराबरोबर वाघ आणि चित्ताही तपासले. तिघांचं तेच. म्हणजे वाघासमोर पेढ्यांचा डबा ठेवला तरी त्यातली गोडी त्याला कळायची नाही.

सगुणी तर साधी घरगुती मांजर. करडी, पोटाला पांढरी. दक्षिण कसब्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळवदावर जन्मली आणि एका पावसाळ्यात झरोक्यातून थेट स्वयंपाकघरात उतरली, ती राहिलीच. नाव आजीनं ठेवलं.

तर खटला असा. 1990 ची संक्रांत. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि घरोघर शेंगापोळ्या. इतर गावचे लोक गुळपोळी म्हणतात ती वेगळी. आमच्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि गूळ यांचं सारण असतं, पोळी कडेपर्यंत भरलेली लागते, आणि चांगली जमली तर आठ-दहा दिवस डब्यात टिकते. आमच्या घरात ती टिकायची नाही हा भाग वेगळा. आजोबा गिरणीतून रिटायर झालेले. त्याच दसऱ्याला त्यांना साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलं होतं. आजीनं त्यांच्यादेखत पोळ्या मोजून पितळी डब्यात ठेवल्या. 11. डबा फळीवर, वर धुतलेलं फडकं.

यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री अख्खं घर बघायला गेलं. आजोबा म्हणाले, "माझे गुडघे दुखायलेत, तुम्ही जावा." आम्ही परत आलो तेव्हा आजोबा चादर डोक्यावरून घेऊन घोरत होते. एवढ्या मोठ्यानं ते एरवी कधी घोरत नसत.

सकाळी पोळ्या 7.

आता जरा जवळून बघा. डब्याला घट्ट झाकण होतं, आणि ते लागलेलं होतं. वरचं फडकं होतं तसं चौपदरी घडी घातलेलं होतं. शेजारच्या वाटीतलं तूपही गेलेलं, आणि वाटी मोरीत विसळून पालथी घातलेली. मी तेव्हा तिसरी-चौथीत. तरीही म्हणालो, "आजी, मांजरानं झाकण परत कसं लावलं?" आजी म्हणाली, "मांजराची जात लई हुशार असती. गप चहा पी."

आजोबांच्या चादरीवर कूट सांडलेलं मी बघितलं होतं. करड्या-तांबड्या चौकटींवर पिवळसर बारीक चुरा. आजीनंही बघितलं असणार, कारण ऐन थंडीत सकाळी सात वाजता ती चादर उचलून भिजत टाकली. उंदराला मांजर साक्ष म्हणतात. इथं म्हाताऱ्याला म्हातारी साक्ष, आणि आरोपी मांजर.

काकांनी सगुणीला पिशवीत घातलं आणि सायकलवरून कंबर तलावाजवळ सोडून आले. (तेव्हा सगळेच असं करायचे. आज कुणी केलं तर मी भांडेन.) आम्ही भावंडं दोन दिवस रडलो. तिसऱ्या दिवशी पहाटे सगुणी चुलीजवळ बसून पाय चाटत होती. आणि ज्या आजोबांनी तिला जन्मात कधी हात लावला नव्हता, त्यांनी त्या दिवशी स्वतः उठून तिच्या बशीत दूध ओतलं. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

हे सगळं मी परवा रात्रीच घरच्या ग्रुपवर टाकलं आणि जाहीर केलं की सगुणी निर्दोष आहे. काकांचा लगेच मेसेज, "मग ती दुधावरची साय का खायची? आइस्क्रीमच्या कपात तोंड घालायची ते?" प्रश्न बरोबर आहे, उत्तरही आहे. मांजर साय खातं ते स्निग्धासाठी, गोडीसाठी नव्हे. आइस्क्रीमचंही तेच. वाटीतलं तूप तिनं चाटलं असतं, हे मी मान्य करतो. पण वाटी विसळली कुणी? यावर काका ऑफलाइन झाले. आत्यानं तेवढं लिहिलं, "अण्णांचं नाव फेसबुकवर घालू नकोस." म्हणून घातलं नाही. आजोबा, बस.

(जाता जाता, मांजराला दूध हा आपला लाडका समज. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. सगुणीचं बिघडायचं. आणि त्याचाही दोष आम्ही तिलाच द्यायचो.)

याचा अर्थ सगुणी संत होती असा नाही. तिचे खरे गुन्हे माझ्याकडे आहेत. एकदा उजनीची चिलापी आणली होती, चांगली हातभर. आईनं साफ करून, हळद-मीठ लावून परातीत ठेवली आणि दारावर कोथिंबीरवाली आली म्हणून दोन मिनिटं बाहेर गेली. शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले. आत येते तर परात रिकामी आणि शिडीवर हळदीचे ठिपके. सगुणी स्वतःच्या अंगापेक्षा लांब मासा तोंडात धरून माळवदावर पोचली होती. मागे काका, बनियनवर, हातात चप्पल. त्यांच्या मागे आम्ही. वर पोचलो तेव्हा सगुणी एका कोपऱ्यात, मासा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये सात-आठ कावळे. काकांनी चप्पल फेकली ती शेजारच्या माळवदावर गेली. मासा कावळ्यांनी नेला. दुपारी पिठलं खाल्लं. काका आठवडाभर एका पायात निळी आणि एका पायात पांढरी चप्पल घालून फिरत होते, कारण शेजाऱ्यांकडं जाऊन काय म्हणून मागायची?

त्या चोरीबद्दल मात्र तिला कुणीही सोडून आलं नाही. उलट पाहुणे आले की कौतुकानं सांगायचे.

यावरून माझं एक मत बनलं आहे. घरातला प्राणी एकटा चोरी करत नाही. आत कुणीतरी फितूर असतो. आणि जिथं खरोखर एकट्यानं केली, तिथं आपण हसतो. त्याला शिक्षा होते ती आपल्यातल्या कुणाच्या तरी चोरीची.

वाघ्याचं बघा. सगुणीनंतर बऱ्याच वर्षांनी हा आला, कान पडलेला गावठी कुत्रा. वाघ्याला नाद कडक भाकरीचा. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, ज्वारीची पातळ भाकरी कडकडीत होईपर्यंत वाळवतात, पापडासारखी मोडते, महिना-महिना टिकते. आता विचार करा, चोरायला याहून वाईट पदार्थ जगात आहे का? मे महिन्याची दुपार, बाहेर त्रेचाळीस, लाइट गेलेली, सगळे फरशीवर उघडे पडलेले, गल्लीत चिटपाखरू नाही. आणि बाजेखालून आवाज.

कडम्.

आई डोळे न उघडता, "वाघ्याऽऽ."

शांतता. पाच मिनिटं काही नाही. मग पुन्हा, अगदी हळू, कड... म्. एकदा मी फरशीला गाल लावून बाजेखाली बघितलं. भाकरी दोन पंजांत धरलेली, आणि गडी ती चावत नव्हता, चाटत होता. डोळे आईकडं. चाटून चाटून एक कड मऊ करायची, तेवढीच ओढून घ्यायची, की पुढची कड. एक भाकरी संपवायला त्यानं तासभर घेतला. आमच्यात एवढा संयम कुणाकडंच नव्हता.

कुत्र्याला भाकरी कशी काय आवडते, असं पुण्याचे पाहुणे विचारायचे. त्याचंही कारण आहे. 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून बघितली. पिष्ट पचवायला लागणारं एक जनुक लांडग्यात दोनदाच असतं, कुत्र्यात त्याच्या कितीतरी जास्त प्रती सापडल्या. माणूस शेती करायला लागला, त्याच्या उष्ट्यावर हे वाढले, आणि भाकरी पचवायला शिकले. माझं म्हणणं, त्यात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर शिकायला फार वेळ लागत नाही.

आणि फितूर कोण? आई. "त्याला ताटातलं देऊ नका, सवय लागती" हे दिवसातून चारदा म्हणणारी आई. भाकरी वाळवताना तिच्या हातून रोज एक तरी "मोडायची" आणि बरोब्बर वाघ्याच्या पुढ्यात पडायची.

वाघ्यानं एकदा शेंगाचटणीचा डबाही उपडा केला. तिखट, वरून लसूण. लसूण आणि कांदा कुत्र्याला घातक असतो, बेदाणे आणि चॉकलेटही, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. नशिबानं खाण्यापेक्षा सांडलीच जास्त. पण तोंड पोळल्यावर त्यानं जाऊन पाण्याच्या बॅरलमध्ये अख्खं तोंड बुडवलं. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गावात, नळ यायच्या आदल्या दिवशी. चटणी आईनं माफ केली. बॅरलची आठवण ती अजून काढते.

वाघ्याचं माझ्यावर एक जुनं देणं आहे, ते आज फेडतो. मी कॉलेजात असताना दुपारी घरी कुणी नव्हतं, तीन मित्र आले. मी आठ अंड्यांची बुर्जी केली. संध्याकाळी आईला अंड्यांचा ट्रे रिकामा दिसला. "वाघ्या! काय केलास बे हे?" वाघ्या कान पाडून, शेपूट पायात घालून, भिंतीला चिकटून उभा. आई म्हणाली, "बघ, तोंडावर लिहिलंय त्याच्या." मी पेपर वाचत होतो. पेपर जरा वर धरला. आठ अंड्यांची टरफलं कुठं गेली, हे या वेळीही कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढं 2009 साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं नेमकं हेच तपासलं. 14 कुत्री आणि त्यांचे मालक घेतले. कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही याबद्दल मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. निघालं असं की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा अपराधावर अवलंबूनच नसतो, मालक रागावला की होतो. आणि ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं ती कुत्री बोलणी बसल्यावर जास्त अपराधी दिसली. हे वाचलं तेव्हा वाघ्या जाऊन काही वर्षं झाली होती. आईला मी अजून सांगितलं नव्हतं. आई, ही पोस्ट वाचत असशील तर, ती बुर्जी मी केली होती.

अक्कलकोटच्या मामांकडं पोपट होता, तो ताटातली हिरवी मिरची उचलून पळायचा, कराकरा खायचा, आणि मामा अभिमानानं म्हणायचे, "आमच्यातलाच आहे, तिखट खाणारच." पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा मुळी जाणवतच नाही, पण मामांना हे सांगून उपयोग नव्हता. बाकी देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळं त्या घरात मिरची चोरणारा कोण आणि खरा गुन्हेगार कोण हे तुम्हीच ठरवा.

परत सगुणीकडं येतो, कारण तो खटला अर्धाच सांगितला.

त्यानंतरच्या संक्रांतीलाही डब्यातून पोळ्या गेल्या. तीन. आजीनं पुन्हा सगुणीचं नाव घेतलं, पण या वेळी तिला कुणी सोडून आलं नाही, आजीनंच येऊ दिलं नाही. आणि माझ्या लक्षात आहे, त्या वर्षी पोळ्या तळहाताएवढ्या होत्या. सारण बेताचं. आई म्हणाली, "अहो आत्या, एवढ्या बारक्या?" आजी म्हणाली, "मांजर खाती की. मोठ्या करून काय करायचं."

त्या पावसाळ्यात आजोबा गेले. पुढची संक्रांत आम्ही केली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आजीनं पोळ्या लाटल्या, पुन्हा मोठ्या, कडेपर्यंत भरलेल्या. 11 मोजून डब्यात घातल्या. दारूकामाच्या रात्री आम्हाला पाठवून दिलं आणि स्वतः घरी थांबली. आम्ही आलो तेव्हा ती जागीच होती. डबा मांडीवर, झाकण उघडं. सगुणी तिच्या पायाशी झोपलेली.

"अकराच्या अकरा आहेत," ती आईला म्हणाली. मग झाकण दाबून लावलं.

"म्हातारी झाली सगुणी. सवय सुटली तिची."