कापसाच्या बोळ्याने कान वाचत नाहीत

‘मळणी यंत्रावर कानात कापूस घातला तरी पुरे’ हे लेखातलं वाक्य कृपया बदला. कापूस आवाज जेमतेम अडवतो. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. कानात काही न घालता ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतात, पण पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० ला उरतात फक्त १५ मिनिटं! फोमचे इअरप्लग घ्या. आधी ग्रीसचे हात धुवा, प्लग वळून वातीसारखा बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. निम्मा बाहेर लोंबत असेल तर घातला न घातला सारखाच.

इअरमफ (हेडफोनसारखे कान झाकणारे) डोक्याला बांधलेल्या गमछावरून चढवू नका, फटीतून आवाज शिरतो. आणि ट्रॅक्टरचा सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल तर आधी तो बदला.