पगारावरचं भांडण

आमच्या दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, परवा कळवलं की त्याच्या संस्थेच्या कामकाजातून 'पगार' हा शब्द काढून टाकायचा ठराव एकमताने मंजूर झाला. यापुढे फक्त 'वेतन'. कारण काय, तर पगार पोर्तुगीज आहे, गुलामीची खूण आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेला असली उसनवारी शोभत नाही. मी लिस्बनला राहते. त्यामुळे ही बातमी त्याने मुद्दाम मलाच कळवली असणार. जणू शब्द परत पाठवलाय आणि मी तो इथे उतरवून घ्यायचा आहे.

वेतन या शब्दावर माझा राग नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो आहे. वेतनश्रेणी, वेतन आयोग, निवृत्तिवेतन, सगळं आपापल्या जागी छान आहे. पण दादाच्याच घरात त्याचा मुलगा महिनाअखेरीला 'सॅलरी क्रेडिट झाली' म्हणतो, तेव्हा तिथे कोणी ठराव मांडत नाही. तीन-चारशे वर्षं घरात राबलेल्या शब्दाला दाराबाहेर काढायचं आणि कालच्या पाहुण्याला पाट मांडायचा, ही कसली भाषाशुद्धी?

दादा म्हणतो, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला की नाही? घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यात पेशव्याचा प्रधान झाला. पुढे लोकांच्या तोंडी काय राहिलं? पेशवाच! आणि त्याच फारसी नावाच्या पेशव्यांच्या काळात चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली. दोनशे वर्षं बसलेला फिरंगी गेला. वसईच्या चर्चमधल्या घंटा उतरवून देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच. तिच्यावर आरती करताना कोणाचा धर्म बाटला नाही. फिरंग्यांबरोबर त्यांचे शब्द मात्र गेले नाहीत, कारण तोवर ते त्यांचे राहिलेच नव्हते. पाव, चावी, बटाटा, लिलाव, घमेलं. दादाच्या प्रतिशब्दांच्या यादीत बटाट्यापुढची जागा कोरी आहे, हे मी त्याला अजून दाखवून दिलेलं नाही.

आता हा पगार मूळचा कसा आहे ते बघा. पोर्तुगीजमध्ये ते नाम नाही, क्रियापद आहे: 'पगार' म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. हातात येतो त्या पगाराला इथे कोणी पगार म्हणत नाही. त्याला 'सलारियु' म्हणतात, 'ऑर्देनादु' म्हणतात, आणि माझ्या पावतीवर 'व्हेंसिमेंतु' छापलेलं असतं. ते ज्या क्रियापदावरून आलं त्याचा एक अर्थ जिंकणं आणि दुसरा मुदत भरणं. (महिन्याच्या एकवीस-बावीस तारखेला दोन्ही अर्थ पटतात.) म्हणजे लिस्बनमध्ये पगार खिशातून बाहेर जातो आणि महाराष्ट्रात तोच खिशात येतो. कोणीतरी फिरंगी साहेब कोठीच्या दारात 'पगार, पगार' म्हणत नाणी मोजत असेल आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या आपल्या माणसाने ते नाण्यांचंच नाव समजून उचललं असेल, असं चित्र मी मनाशी रंगवलं आहे. पुरावा मागू नये.

मराठीने नुसता शब्द उचलला नाही, त्याचा स्वभाव बदलला. पोर्तुगीजमध्ये पगार कोणीतरी करतो, कर्त्याशिवाय तो हलत नाही. मराठीत पगार 'होतो'. पाऊस होतो, लग्न होतं, तसा पगार होतो. कधी थकतो, कधी कापला जातो, कधी पुरत नाही. मग पगारदार, पगारवाढ, पगारी सुट्टी आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'बिनपगारी फुल अधिकारी'. पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत एका बाकावर मांडीला मांडी लावून बसलेत आणि अख्ख्या महाराष्ट्रात एकालाही अर्थ विचारावा लागत नाही. याला 'अवैतनिक पूर्णाधिकारी' करून बघा. गंमत तर जाईलच, शिवाय तो माणूस मानाने खुर्चीत बसेल.

पोर्तुगीजांच्याही मागे गेलं तर लॅटिनमध्ये 'पाकारे' सापडतं: शांत करणं. 'पाक्स' म्हणजे शांतता, त्यावरून. देणेकऱ्याने सावकाराला शांत केलं की देणं फिटलं. इंग्रजीतले 'पे' आणि 'पीस' याच घरातले, स्पॅनिश 'पगार' आणि इटालियन 'पगारे' ही सख्खी भावंडं. पोर्तुगीजमध्ये याच मुळाचा 'अपगार' म्हणजे विझवणं, पुसून टाकणं. माझी मुलगी रात्री 'अपागा अ लूश' म्हणून ओरडते, म्हणजे दिवा बंद कर. दिवाही शांत करायचा, सावकारही.

हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. ते लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. पगाराच्या दिवशी गेटाबाहेर काठी घेतलेला पठाण उभा असे, खानावळवालीचा मुलगा वही घेऊन असे, वाणी नाक्यावर असे. आजोबा पाकीट बंडीच्या आतल्या खिशात घालत आणि एकेकाला भेटत घरापर्यंत येत. घरी पोचेस्तोवर सगळे शांत झालेले असत आणि पाकीटही. लॅटिन त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आता या सगळ्याला वेतनदिन म्हणा म्हणे.

'सॅलरी'वाल्यांना त्यांचा शब्द जास्त घरंदाज वाटतो, म्हणून तेही सांगते. तो लॅटिन 'सालारियुम'वरून, म्हणजे मिठावरून आला. रोमन सैनिकांना मिठातच पगार मिळायचा ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तसा थेट पुरावा नाही. मिठाशी नातं मात्र खरं आहे. खाल्ल्या मिठाला जागणारी आपली माणसं, त्यामुळे हा शब्द चालेल त्यांना.

आणि दिसायला सारखं ते सगळं एकच, असंही नाही. आमच्या कचेरीत एक इंडोनेशियन बाई आहेत. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे कुंपण. आपल्या पगाराशी त्याचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण त्यांच्याकडे म्हण आहे की कुंपणच पीक खातं! मी हसायलाच लागले. शब्दाचं नातं नाही आणि म्हण मात्र तंतोतंत आपली. तिकडे महाराष्ट्रात बसून जे लोक दोन शब्दांचे उच्चार जुळले की मूळ संस्कृत ठरवून मोकळे होतात, त्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

इथे बसून मला मोठेपणा करणं सोपं आहे, हे मला कळतं. तरी करते. पोर्तुगीज माणूस स्वैपाकात ज्याच्याशिवाय पान हलवत नाही त्या ऑलिव्ह तेलाचं नाव अरबी आहे. साखरेचं नाव अरबीतून आलं आणि मागे गेलं तर आपल्या शर्करेपर्यंत पोचतं. 'देव करो नि तसं होवो' या अर्थी म्हातारी माणसं 'ओशाला' म्हणतात, तेही अरबीच, त्यात अल्ला बसलेला आहे. मूर, म्हणजे इथले जुने मुसलमान राज्यकर्ते, गेले, शब्द राहिले, कोणी ठराव केले नाहीत. हां, पोरं व्हिडिओ बघून ब्राझीलचे शब्द बोलायला लागली म्हणून इथले पालक कपाळाला हात लावतात, आणि शुद्धलेखनाच्या नव्या करारावरून अजून भांडतात. ते माझ्या मुद्द्याला सोयीचं नाही, म्हणून तिकडे फार जात नाही.

पण दुसऱ्या बाजूचाही राग येतो. एका सहकाऱ्याला मी हौसेने सांगितलं की भारतात पगाराला पगार म्हणतात. तो खूश झाला. जरा जास्तच खूश झाला. 'म्हणजे पैसे द्यायला आम्ही शिकवलं तुम्हाला!' तोंड वाकडं न करता मी विचारलं, आजारी पडलास की आई काय देते? 'कांझा', तो म्हणाला. कोंबडीचं सूप, भात घातलेलं. तुमची ती कांझा म्हणजे मल्याळममधली कंजी, आमच्याकडून उचललेली. एखादं काम सोपं असलं की तुम्ही 'ही तर कांझा आहे' म्हणता, तीही आमचीच. मल्याळम 'आमची' कधीपासून झाली, असं दादाने विचारलं असतं. लिस्बनमध्ये बसलं की केरळही माहेरचंच वाटतं.

या देवघेवीचा हिशोब ज्याने मांडला तो ना दादाच्या बाजूचा होता ना या सहकाऱ्याच्या. गोव्यातल्या आसगावचा सेबॅस्तियाँव रोदोल्फु दालगादु, १८५५ चा जन्म. पाद्री, कोकणी कोशकार आणि लिस्बनला संस्कृतचा प्राध्यापक. १९१३ मध्ये त्याने पोर्तुगीज शब्द आशियाच्या भाषांत कसे मुरले ते मांडलं आणि १९१९ ते १९२१ दरम्यान उलट दिशेचा कोश काढला: आशियातले शब्द पोर्तुगीजमध्ये कसे आले. १९२२ साली तो इथेच, लिस्बनमध्ये, गेला. त्याला कोणी विचारलं असेल का, तू नक्की कुठला? विचारलंच असणार. मला तर दर आठवड्याला विचारतात.

माझी मुलगी परवा कॅफेत म्हणाली, 'आई, मी पगार करू?' तिला पैसे द्यायचे होते. व्हिडिओवर माझ्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, 'तुला गं कधीपासून पगार?' दोघी हसल्या, दोघींना वेगवेगळ्या गोष्टीचं हसू आलं. मी मध्ये बसून दोन्ही पगार समजावत राहिले आणि कोणालाच ऐकायचं नव्हतं.

दादाच्या मुलाने मागे मला विचारलं होतं, 'आत्या, पगार कोण म्हणतं आता?' तेव्हापासून ते डोक्यात आहे. मी गाव सोडलं तेव्हा सगळे म्हणायचे. मी भांडते ते मराठीसाठी की माझ्या त्या मराठीसाठी, हे मला सांगता येत नाही. वेतन जिंकलं काय किंवा सॅलरी जिंकली काय, मी जुनी पडणार. आणि खरं सांगायचं तर या शहरात हा एकच शब्द आहे जो मला तोंड न वळवता म्हणता येतो. बाकी सगळं पोर्तुगीज मी जीभ सांभाळून बोलते. हॉटेलात जेवण झालं की हात वर करून मी म्हणते, 'केरीया पगार', म्हणजे पैसे द्यायचे होते, आणि त्यातला तो दुसरा शब्द अगदी लालबागचा, पहिल्या 'प'पासून शेवटच्या 'र'पर्यंत.

वेटर मान डोलावतो आणि इंग्रजीत विचारतो, 'कार्ड ऑर कॅश?'