विकायच्या घराला किती पावडर लावायची?

डोंबिवलीचं घर एकदाचं विकलं. गेले आठ महिने ज्यांनी ज्यांनी मला "किचन नवीन केलंस का? त्याशिवाय भाव येत नाही हं" असं ऐकवलं, त्या सगळ्यांसाठी ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

घर पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. 1989 ची बिल्डिंग, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. कार्पेट 480 चौरस फूट. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली आणि घर दीड वर्ष कुलपात राहिलं. उघडलं तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात पोपडे धरलेले, बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल, आणि बंद घराचा तो कुबट वास.

दादाने लगेच ठाण्याहून इंटिरियरवाला आणला. कोटेशन 6 लाख 40 हजार. व्हिट्रिफाइड टाइल्स, मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग आणि त्यात निळे दिवे. "दहा लाख जास्त येतील बघ." कुठून येतील, तर "अगं, लुक येतो."

मी एजंटला विचारलं. वीस वर्षं त्याच गल्लीत धंदा करणारा माणूस. तो म्हणाला, "ताई, आहे तसं 50 ला जाईल. सगळं नवं केलंत तर 53. त्याच्या वर या बिल्डिंगला बँक देत नाही."

हे शेवटचं वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर दादाशी निम्मी भांडणं झाली नसती. आपल्याकडे जुना फ्लॅट घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढूनच घेतो. बँकेचा व्हॅल्युअर येतो, क्षेत्रफळ मोजतो, बिल्डिंगचं वय, मजला, आजूबाजूचे व्यवहार बघतो. तुमच्या ट्रॉल्या किती मऊ सरकतात याच्याशी त्याला फारसं घेणं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. समजा तुम्ही 57 मागितले आणि व्हॅल्युएशन 51 चं आलं, तर मधले सहा लाख घेणाऱ्या पोराने कुठून आणायचे? वीस टक्के आणि मुद्रांक शुल्क उभं करतानाच त्याच्या नाकी नऊ आलेले असतात. म्हणजे सहा-साडेसहा लाख घालून तीन लाख मिळवायचे, वर मिस्त्र्यामागे दोन महिने पुणे-डोंबिवली करायचं. आणि किचनचा रंग घेणाऱ्याच्या बायकोला आवडेलच याची खात्री नाही.

मग दादाचा दुसरा मुद्दा आला. "खर्च टॅक्समध्ये वजा होतो ना?" होतो, सगळा नाही. नुसती रंगरंगोटी, किरकोळ डागडुजी यांना सुधारणेचा खर्च म्हणत नाहीत. घरात कायमची भर घालणारं काम धरतात, आणि त्याची बिलं लागतात. 23 जुलै 2024 पासून घराच्या दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, इंडेक्सेशन (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) नाही. आमच्यासारख्या त्याआधी घेतलेल्या घरांना 20 टक्के आणि इंडेक्सेशन हा जुना पर्याय उरतो, पण आमच्या आकड्यांत 12.5 च स्वस्त पडत होता. म्हणजे शंभर रुपये खर्च करायचे आणि साडेबारा वाचवायचे. याला बचत फक्त दादाच म्हणू शकतो.

गंमत म्हणजे खरी वजावट कपाटात पडली होती. बाबांनी 2009 साली बाथरूम आणि ओटा नव्याने केला, त्याची 1 लाख 85 हजारांची बिलं टाचणी लावून फाइलमध्ये ठेवलेली. वारसाने आलेल्या घरात आधीच्या मालकाने 1 एप्रिल 2001 नंतर केलेली सुधारणाही धरता येते. साधारण 23 हजारांचा कर त्या पिवळ्या पडलेल्या कागदांनी वाचवला.

म्हणून काहीच करायचं नाही का? नाही हो. माझं मत एवढंच, की आवडीचं सोडा आणि भीतीचं करा. जुनाट ओटा बघून गिऱ्हाईक मनात म्हणतं, आपण बदलू. त्याचा खर्च त्याला साधारण ठाऊक असतो. ओल दिसली की त्याला अंदाजच येत नाही. पाइप फुटलाय, स्लॅब गेलाय, का अख्खी बिल्डिंगच गेलीय? मग तो स्वतःच्या घाबरण्याचेही पैसे तुमच्या भावातून कापतो.

ओल लपवायची मात्र नाही. आमचं पुण्याचं घर घेतलं तेव्हा बेडरूममध्ये छान पॅनेलिंग होतं. पहिल्याच पावसात ते फुगलं आणि मागे काय होतं ते कळलं. तेव्हा विकणाऱ्याला दिलेल्या शिव्या आठवल्या, आणि मी ठरवलं की आपण दुसऱ्या कुणाकडून त्या खायच्या नाहीत.

हॉलच्या कोपऱ्यातलं पाणी गच्चीतून येत होतं. हे काम सोसायटीचं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीची गळती सोसायटीने तिच्या खर्चाने काढायची असते. बाबांनी भिडेपोटी दोनदा स्वतःच्या खिशातून डांबर ओतून घेतलं होतं. मी तीन पत्रं दिली, पोच घेतली, चौथ्या महिन्यात काम झालं. बाथरूमचं आपलं आपण: 27 हजार. रंग 38 हजार, साधा पांढरट. नळ, कड्या, बेसिनची जाळी 9 हजार. भंगार काढून घर घासूनपुसून घ्यायला साडेचार. एकूण साडेअठ्ठ्याहत्तर हजार. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बारा वर्षं सुतळीने बांधलेली होती, ती दीडशे रुपयांत बदलली. आई बघत राहिली आणि म्हणाली, "हे आपण राहत होतो तेव्हा काय झालं होतं?"

एका ठिकाणी मी चुकले. मीटरजवळचा जुना फ्यूजचा बोर्ड बदलायला वायरमन 8 हजार मागत होता, मी म्हटलं राहू दे. एक चांगलं गिऱ्हाईक त्या बोर्डासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "म्हणजे वायरिंग सगळं जुनंच," आणि लाख रुपये खाली आलं. तो व्यवहार मोडला. दुसऱ्या दिवशी मी बोर्ड बदलला.

येणाऱ्यांनी विचारलेलं काय, तर पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, आणि सगळ्यात आधी, रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का. आमच्या गल्लीतल्या दोन बिल्डिंगी पाडून झाल्या आहेत. उद्या ज्याचा राडारोडा होणार, त्याच्या फरशीला कोण भाव देणार? स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीची, प्रत मात्र बँकेनेही मागितली आणि गिऱ्हाइकानेही. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला ते दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमच्या सोसायटीचं झालेलं होतं, नशीब.

कागदांनी तर इंटिरियरवाल्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर, नॉमिनी आई. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे आई, दादा, मी, तिघांच्याही सह्या. ट्रान्सफरसाठी सेक्रेटरी काकांनी "सगळेच देतात" म्हणत 50 हजार सांगितले. महापालिका हद्दीत हस्तांतराचं अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त 25 हजार, असा 2001 चा शासनाचा आदेश आहे. त्याची प्रत नेऊन दिल्यावर काका म्हणाले, "तू लहानपणापासून अशीच." दिले 25.

शेवटी 51 लाख 50 हजारांना गेलं. दादा अजून म्हणतो, सीलिंग केलं असतं तर. त्याचा ठाण्याचा फ्लॅट आता विकायला काढतोय, त्याच इंटिरियरवाल्याला बोलावलंय. मी गप्प बसलेय, ही पोस्ट तो वाचेलच.

बाथरूमचं काम करताना मिस्त्री म्हणाला होता, नऊ टाइल्स फुटणार आणि हा निळा रंग आता बाजारात मिळणार नाही. आई म्हणाली, माळ्यावर बघ. बाबांनी 2009 साली उरलेल्या चौदा टाइल्स वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, "पुढे लागतील" म्हणून. नऊ लागल्या. उरलेल्या पाच काढायला मी चावी देण्याच्या दिवशी शिडी लावली, तर घेणारा मुलगा म्हणाला, "राहू दे ना ताई माळ्यावर. लागतील."