'सिमेंट-सळईचं कौतुक पुरे' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी आणि एनेवेटाक या कंकणद्वीपांवर (प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटसमूहांवर) अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी केलेल्या बांधकामांबद्दलचा माझा लेख तुम्हाला 'कंत्राटदाराच्या माहितीपत्रकासारखा' वाटला. माणसं बेटावरून हुसकावली, किरणोत्साराने होरपळली, आणि मी मात्र भिंतींची जाडी सांगत बसलो, असा तुमचा आक्षेप. वर एक टोमणाही: बॉम्ब सोडून बाजूच्या शेड कोण बघतं?

आधी टोमण्याचं बघू. अमेरिकेला मार्शल बेटांवर बॉम्ब नुसता फोडायचा नव्हता, मोजायचा होता. १ नोव्हेंबर १९५२चा 'माइक' हा हायड्रोजन बॉम्ब घ्या. एनेवेटाकच्या एलुगेलाब बेटावरचं ते धूड विमानातून टाकण्याजोगं नव्हतंच. त्यातलं ड्यूटेरियम, म्हणजे इंधन म्हणून वापरलेला जड हायड्रोजन, द्रवरूप राहावं म्हणून उणे २५० अंशांच्या आसपास थंड ठेवावं लागे. यंत्राभोवती अख्खी इमारत होती आणि तिथून शेजारच्या बेटांवरून, मधल्या उथळ पाण्यात भराव टाकून, प्लायवूडचा एक चौकोनी बोगदा गेला होता. लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर, आत हेलियम. साध्या हवेने स्फोटातून निघालेले किरण वाटेतच शोषले असते, म्हणून हा खटाटोप. पलीकडच्या टोकाला बोगोन बेटावर मोजणीची यंत्रं. गॅमा किरणांना तिथे पोचायला सेकंदाचा जेमतेम एक लाखावा भाग लागतो. धक्क्याची लाट त्यांच्या कितीतरी मागे. बोगदा पेटायच्या आत नोंद झालेली हवी, एवढ्यासाठी भराव, सुतारकाम, केबली, सगळं. स्फोट १०.४ मेगाटनचा झाला (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद). एलुगेलाब नकाशावरून गेलं, उरला जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. त्या शेड नसत्या तर 'चाचणी' हा शब्दच वापरता आला नसता.

आता माणसांबद्दल. 'इमारतींबद्दल लिहिणं म्हणजे माणसांबद्दल न लिहिणं' हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही. कुणाची किती काळजी घ्यायची हे आधी कागदावर ठरतं, मग सिमेंटमध्ये ओतलं जातं. १ मार्च १९५४ला बिकिनीवर 'ब्राव्हो' हा हायड्रोजन बॉम्ब फुटला. अंदाज सहा मेगाटनच्या आसपासचा होता, निघाले पंधरा, कारण इंधनातल्या, निष्क्रिय राहील असं वाटलेल्या लिथियम-७ या लिथियमच्या प्रकारानेही भर घातली. स्फोटाची कळ दाबणारी नऊ माणसं तीसएक किलोमीटरवरच्या एन्यू बेटावर, वाळूखाली गाडलेल्या जाड काँक्रीटच्या बंकरमध्ये होती. जमिनीतून आलेल्या धक्क्याने बंकर डुलला, पण टिकला. मग बाहेरचा किरणोत्सार चढू लागला, तशी ती मंडळी आकडा सगळ्यात कमी असलेल्या आतल्या खोलीत जाऊन बसली. संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं. स्फोटाची किरणोत्सारी राख अंगावर बसू नये म्हणून चादरी गुंडाळून ती बाहेर पडली.

हेलिकॉप्टर, चादरी, आतली खोली हे लक्षात ठेवा आणि रोंगेलापकडे बघा. दीडशे किलोमीटरच्या पलीकडचं हे बेट. तिथे तीच राख पांढऱ्या भुकटीसारखी दिवसभर पडत राहिली, मुलं तिच्यात खेळली. जवळच्याच रोंगेरिक बेटावरच्या अमेरिकन सैनिकांना २ मार्चला हलवलं, रोंगेलापच्या लोकांना ३ मार्चला. तोवर त्यांच्या अंगाची आग, उलट्या, पुढे भाजल्याचे चट्टे, केस गळणं. त्यांच्यासाठी कुणी एक भिंत बांधली नव्हती की आदल्या दिवशी एक होडी तयार ठेवली नव्हती. एन्यूची भिंत किती जाड होती हे मी सांगितलं नाही, तर रोंगेलापवर काय नव्हतं हे कसं दिसणार? (पंडित नेहरूंनी संसदेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली ती २ एप्रिलला, ब्राव्होनंतर महिनाभरात. मार्शल बेटांच्या लोकांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेला तोही त्याच महिन्यात. त्यानंतर चाचण्या आणखी चार वर्षं चालल्या.)

ही बांधकामं करणाऱ्या होम्स अँड नार्व्हर या कंत्राटदाराचं कौतुक केलं म्हणता. कारागिरीचं केलं, आणि ते मागे घेत नाही. कंकणद्वीपावर दगड म्हणजे प्रवाळच, दुसरा नाही. तेच फोडून खडी करायची, गोडं पाणी समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातित करून मिळवायचं, बाकी सगळं जहाजाने आणायचं. असलं बांधकाम मुळात टिकायला नव्हतंच. रत्नागिरी-मालवणकडे किनाऱ्यावरच्या स्लॅबची जी गत होते तीच: खारं सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: 'इतकं वाईट होतं तर पाडून का नाही टाकलं?' काही पाडलं. १९७७ ते १९८० दरम्यान अमेरिकन सैनिकांनी एनेवेटाकवरची दूषित माती आणि मोडतोड तिथल्याच रुनिट बेटावरच्या 'कॅक्टस' चाचणीच्या खड्ड्यात भरली आणि वर सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट बसवला. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर नाही. खाली सच्छिद्र प्रवाळ आणि भरती-ओहोटीचं पाणी. १९४७मध्ये उजेलांग या दुसऱ्या बेटावर नेलेले एनेवेटाकचे लोक १९८०मध्ये परतले, ते या घुमटाच्या शेजाराला.

तेव्हा मूळ लेखातला भिंतींचा भाग कापणार नाही. रोंगेलापवर एकच ओळ होती ही तुमची तक्रार रास्त आहे, पण तो विषय एका परिच्छेदात मावणारा नाही. त्यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतलाय. आला की तोही असाच धारेवर धरा.