‘कोप’चा आकडा पुन्हा वजा करू नका

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. रात्रपाळी करून आली होती, झोपही धड झालेली नव्हती. म्हणाली, "अगं, मी आणखी दोन वर्षं काम करते. पेन्शनमधले 41 पौंड जाणार म्हणतायत, दर आठवड्याला." कोण म्हणतंय असं विचारलं, तर व्हॉट्सॲप. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून तिला एकच मेसेज आला होता, आणि तीन ठिकाणांहून आला म्हणजे खराच असणार, असं तिने धरलं होतं.

मावशी 1988 साली मिरजेहून इकडे आली, नर्स म्हणून. तेव्हापासून एनएचएसमध्येच, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतच आहे. आता 65 वर्षांची आहे, गुडघे बोलायला लागलेत. मी इथेच पेरोलचं काम करते, त्याला वीस वर्षं झाली. नॅशनल इन्शुरन्स म्हणजे सरकारी पेन्शनसाठी पगारातून कापली जाणारी वर्गणी; तिचे आकडे हा माझा रोजचा धंदा आहे. एका फॉरवर्डवर विश्वास ठेवून ती दोन वर्षं जास्त रात्रपाळ्या करायला निघाली होती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी सांगते. एनएचएस, शाळा, कौन्सिल इथल्या नोकरदारांना सरकारने न विचारता ‘कॉन्ट्रॅक्ट आउट’ केलं आणि त्यांची स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारकडून मिळणारी पेन्शन, चोरली. 35 वर्षं भरली की पूर्ण पेन्शन असा कायदा आहे, तरी ती देत नाहीत. फोरकास्टमध्ये, म्हणजे पेन्शन किती मिळेल याच्या सरकारी अंदाजात, जो आकडा दिसतो त्यातून ‘कोप’ची, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट आउटपोटी तिथे दाखवलेली, रक्कम वजा होऊन उरलेले पैसे हातात पडतात. ही कोपची रक्कम सरकारकडे पडून आहे, अर्ज केला की परत मिळते. 35 वर्षांनंतर भरलेला नॅशनल इन्शुरन्स वाया जातो. भारतात राहायला गेलात तरी पेन्शन दरवर्षी वाढतच राहते. आणि शेवटी एक लिंक, 25 टक्के फी घेऊन ‘क्लेम’ करून देण्यासाठी.

चोरीपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर रचलेलं आहे. 1978 मध्ये ब्रिटिश सरकारने मूळ स्टेट पेन्शनवर एक वरचा मजला चढवला, पगाराच्या प्रमाणात मिळणारी जादा पेन्शन. तिला सर्प्स म्हणत; 2002 पासून तिची जागा स्टेट सेकंड पेन्शनने घेतली. ज्या नोकरीत आधीच चांगली पेन्शन योजना होती, तिथे मुभा होती की हा वरचा मजला सरकारने बांधायचा नाही, योजनेने बांधायचा. त्या बदल्यात नोकरदार आणि मालक दोघेही नॅशनल इन्शुरन्स कमी भरणार. हेच कॉन्ट्रॅक्टिंग आउट. एनएचएसची योजना अशी होती, शिक्षकांची होती, कौन्सिलची होती, पुष्कळ खासगी कंपन्यांचीही होती. 6 एप्रिल 2016 ला नवी स्टेट पेन्शन आली आणि ही पद्धत बंद झाली.

मावशीला म्हटलं, जुन्या पे-स्लिपा काढ. तिने कपाटातली पिशवी काढली आणि व्हिडिओ कॉलवर एकेक दाखवू लागली. जानेवारी 2016 च्या स्लिपवर एनआय लेटर, म्हणजे नॅशनल इन्शुरन्सचा वर्ग सांगणारं अक्षर, ‘डी’. मे 2016 च्या स्लिपवर ‘ए’. डी म्हणजे कॉन्ट्रॅक्टेड आउट. त्या शेवटच्या वर्षांत डी असलेल्याचा दर 10.6 टक्के होता, ए असलेल्याचा 12 टक्के. 25 हजार पगारावर वर्षाला साधारण 268 पौंड कमी भरले जात होते, मालकाची सूट वेगळी. मावशीला आठवलं, "हो की, तेव्हा हातात येणारा पगार एकदम कमी झाला होता, मी वॉर्डात सगळ्यांना विचारत होते." कमी झाला तो याच कारणाने. तोपर्यंतची सूट संपली.

म्हणजे सरकारकडे जे भरलंच नाही, ते सरकारने चोरलं कसं? त्याच्या बदल्यातली पेन्शन एनएचएस योजनेत जमा झाली आहे आणि ती तिला मिळणार आहे.

आता तो कोप. मावशीची झोप यानेच उडवली होती. सरकारी संकेतस्थळावर फोरकास्ट पाहिलं की मुख्य आकड्याखाली लिहिलेलं असतं की तुम्ही कॉन्ट्रॅक्टेड आउट होता, आणि तिथे कोपचा अंदाजे आकडा असतो. मावशीचा 41 पौंडांच्या आसपास. कोप म्हणजे, कॉन्ट्रॅक्ट आउट झाला नसतात तर सरकारकडून साधारण जी जादा पेन्शन मिळाली असती, तिच्या तोडीचा भाग. तो तुमच्या नोकरीच्या पेन्शनमधून येतो. फोरकास्टमधला मुख्य आकडा हा हिशेब करूनच दाखवलेला असतो. त्यातून आणखी काही जायचं नसतं. मेसेज सांगतो तशी वजाबाकी केली, तर एकच रक्कम दोनदा कापली जाते. मावशीने कागदावर 230 मधून 41 काढून 189 लिहिलं होतं. वर्षाला 2,132 पौंडांचं काल्पनिक नुकसान, आणि ते भरून काढायला खऱ्या रात्रपाळ्या.

गंमत म्हणजे त्याच मेसेजमध्ये दोन ओळी खाली लिहिलंय की कोपचे पैसे सरकारकडे पडून आहेत, क्लेम करा. अरे, ते पैसे पेन्शनमधून कापायचे आहेत की परत मागायचे आहेत? दोन्ही एकदम कसं खरं असेल? यातलं एकही खरं नाही. कोप नावाचं कुठलं खातं नाही, कोप नावाची कुठली पेन्शन स्वतंत्रपणे खात्यात येत नाही. एनएचएस पेन्शनच्या कागदावरही ‘कोप’ अशी वेगळी ओळ शोधायला जाऊ नका. ती रक्कम एकूण पेन्शनमध्ये मिसळलेली असते.

आणि ती लिंक. ती नॅशनल इन्शुरन्स नंबर, जन्मतारीख आणि बँकेचा तपशील मागते. ज्यांनी भरली असेल त्यांनी आजच बँकेला फोन करा. जी रक्कम अस्तित्वातच नाही, तिच्यातले 25 टक्के फी म्हणून मागणाऱ्याला तुमचा तपशील कशाला हवा असेल?

पस्तीस वर्षांचं प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात निम्मं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतंय. जानेवारी 2013 मध्ये सरकारने नव्या पेन्शनची श्वेतपत्रिका काढली. आठवड्याला 144 पौंड, सगळ्यांना एकच दर, 35 वर्षं भरा, असंच लोकांपर्यंत पोचलं. कॉन्ट्रॅक्टेड आउट लोकांचं काय, हे इतक्या ठळकपणे कुणी सांगितलं नाही. मावशीसारख्या हजारोंना ते कळलं ते फोरकास्ट हातात आल्यावर. आणि न विचारता कॉन्ट्रॅक्ट आउट केलं, हेही अगदी खोटं नाही. एनएचएस योजनेत नाव घातलं की आपोआप व्हायचं, वेगळी सही कुणी घेत नसे. पण यातून ‘कायदा मोडला’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने कायदा उघडलेलाच नाही.

कायदा म्हणजे पेन्शन्स ॲक्ट 2014. पूर्ण दरासाठी 35 वर्षं हा त्यातला नियम, 2016 च्या आधीचं एकही वर्ष ज्याच्या नावावर नाही त्याच्यासाठी. ज्याचं आधीचं एक जरी वर्ष असेल, त्याला कलम 4 आणि परिशिष्ट 1 लागू होतं, आणि मावशी त्यात येते. 6 एप्रिल 2016 रोजी अशा प्रत्येकाचा हिशेब दोन पद्धतींनी झाला, आणि जो आकडा मोठा, तो त्याचा सुरुवातीचा आकडा ठरला.

मावशीचंच धरू. तेव्हा तिची 28 वर्षं झाली होती. जुन्या पद्धतीत पूर्ण बेसिक पेन्शन 119.30 पौंड, तीस वर्षांसाठी. म्हणून 28 वर्षांचे 111.35. वरच्या मजल्यातलं काही किरकोळ असेल तर ते बाजूला ठेवते. नव्या पद्धतीत पूर्ण दर 155.65, त्याचे 35 पैकी 28 भाग म्हणजे 124.52, आणि त्यातून कोप वजा. 2016 च्या दराने तो चाळीसऐवजी तीस धरला तरी 95 सुद्धा उरत नाहीत. मोठा आकडा 111.35, म्हणून तोच तिचा. इथे एक गोष्ट बघा: जिंकली ती जुनी पद्धत, आणि त्या पद्धतीत कॉन्ट्रॅक्टिंग आउटची वजावट फक्त वरच्या मजल्यातून होते, बेसिकला हात लागत नाही.

त्यानंतर भरलेलं प्रत्येक वर्ष पूर्ण दराच्या पस्तिसाव्या हिश्श्याची भर घालतं, पूर्ण दर गाठेपर्यंत. 2016 च्या दराने ती भर 4.45 पौंड होती, 2025-26 च्या दराने सुमारे 6.58. एप्रिल 2025 पर्यंत मावशीची नऊ वर्षं झाली, एकूण 37. मेसेजच्या हिशेबाने तिची शेवटची दोन वर्षं वाया गेली. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांनी आठवड्याला तेरा पौंडांची भर घातली, तीही जन्मभरासाठी. एप्रिल 2025 ला ती सुमारे 224 पौंडांवर होती. 2025-26 हे दहावं वर्ष धरलं की ती 230.25 ला, म्हणजे पूर्ण दराला पोचते. त्या वर्षाची नोंद व्हायला 6,500 पौंडांची कमाई लागते. ती तिच्या पगारातून केव्हाच झाली आहे. तिला आणखी एकही रात्रपाळी करायची गरज नाही.

‘35 झाली, आता भरू नका’ हे ऐकून कुणी काम सोडलं असेल, किंवा 2016 नंतरचं रिकामं वर्ष भरायचं टाळलं असेल, तर त्याचं नुकसान खरं आहे. उलट्या बाजूचीही चूक पाहिली आहे. 5 एप्रिल 2025 च्या मुदतीआधी घाईघाईने 2016 च्या आधीची वर्षं विकत घेणारे काही जण कॉन्ट्रॅक्टेड आउट होते, त्यांची जुन्या पद्धतीची तीस वर्षं आधीच झालेली होती, आणि त्या पैशांनी त्यांची पेन्शन एका पेनीनेही वाढली नाही. पैसे भरण्याआधी फ्युचर पेन्शन सेंटर या सरकारी केंद्राला फोन करून एवढंच विचारा: हे वर्ष भरलं तर माझा आकडा कितीने वाढेल?

1988 नंतर विमा एजंटांच्या नादाने मालकाची चांगली योजना सोडून खासगी पेन्शन घेतलेल्यांची फसवणूक झाली होती, नर्सेसचीही. त्याची चौकशी झाली, भरपाई दिली गेली. मेसेजवाल्याने ते प्रकरण यात कालवलं आहे. मावशीने एनएचएस योजना कधी सोडलीच नाही, तिचा त्याच्याशी संबंध नाही. खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे: 1978 ते 1997 मधल्या हमी पेन्शनच्या (कॉन्ट्रॅक्टेड आउट योजनेने किमान द्यायच्या पेन्शनच्या) भागावरची महागाईची वाढ पूर्वी स्टेट पेन्शनमधून भरून निघायची, 2016 नंतर पेन्शनच्या वयाला आलेल्यांची ती गेली. सरकारने हे लोकांना नीट सांगितलं नाही, असा निष्कर्ष संसदेच्या लोकपालांनी 2019 मध्ये काढला. एनएचएससारख्या सार्वजनिक योजनांत ती वाढ योजनेकडूनच दिली जाते, त्यामुळे मावशीला त्याची झळ नाही.

राहिला भारताचा मुद्दा. मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात गोड आहे आणि पूर्ण खोटं आहे. ब्रिटिश स्टेट पेन्शन भारतात मिळते, पण कायमचं राहायला गेलं की तिथेच गोठते. 230.25 वर गेलात, तर दहा वर्षांनीही 230.25. इथे दरवर्षी होणारी वाढ तिथे लागू नाही. एनएचएसची पेन्शन मात्र मिरजेत राहूनही वाढत राहते, म्हणजे कोपच्या तोडीचा जो भाग त्यात आहे तोही. ज्या भागाला मेसेज चोरी म्हणतो, तोच भाग मावशीबरोबर भारतात वाढत जाणार आहे.

हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे विचार कशाचा करायला हवा होता, आणि मी करत कशाचा बसले!" निवृत्तीचा अर्ज ती याच आठवड्यात देते आहे. मिरजेला कायमचं जायचं की थंडीपुरतं, त्याचा हिशेब करायला येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला येणार आहे.