आपलं मूल आपल्यांतच ठेवा

अ‍ॅडमिशनचा हंगाम आला. ज्या सुज्ञ पालकांना आपल्या मुलाला परधर्माचं वारंही लागू द्यायचं नाही, त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. फी घेत नाही, शाळा घेतात ती पुरे आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा मैदान केवढं, वाचनालय उघडं असतं का, शिक्षकांचे पगार वेळेवर होतात का, असल्या फालतू चौकशा करत बसू नका. फॉर्म मागा आणि दुसरं पान उघडा. धर्म, जात, पोटजात, मातृभाषा, कुलदैवत (हो, कुलदैवत, मी स्वतः भरलंय) एवढे रकाने दिसले की निर्धास्त व्हा. मुलाला कसली अ‍ॅलर्जी आहे का, हा रकाना सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात सापडेल. सापडला तर.

मग मुलाखत. तिला मुलाखत म्हणायचं नाही, 'इंटरॅक्शन' म्हणायचं. प्रवेशासाठी मुलांना किंवा आईबापांना चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक खेपेला ५० हजारांपर्यंत. पण आपण तर नुसत्या गप्पा मारतोय. त्या गप्पांत चार वर्षांच्या पोराला लाल रंग कुठला ते विचारतात आणि तुम्हाला 'घरात नॉनव्हेज होतं का?' ते विचारतात. होत असलं तरी 'कधीतरी, बाहेर' म्हणा. हॉटेलातलं पाप घरच्या भांड्यांना लागत नाही.

डब्यात अंडं नको. का, ते विचारायचं नाही.

तुम्ही नुसते पालक नसून ट्रस्टी असाल, तर तुमचं काम आणखी सोपं. घटनेचा अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतो. फाळणीच्या जखमा ओल्या असताना तो लिहिला गेला, लहान समाजांना या देशात आपली भाषा, आपली रीत टिकवता यावी म्हणून. पण इतकं मागचं कशाला बघता? तुम्ही २०१४ बघा. त्या वर्षी मे महिन्यात 'प्रमती' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्यातून बाहेर काढल्या. अनुदान घेत असाल तरी बाहेर, नसाल तरी बाहेर. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागांची कटकटच मिटली. तेव्हा ट्रस्टवर समाजाची माणसं बसवा, अल्पसंख्याक शाळेचा दाखला काढा आणि सुखी व्हा. वर्गात समाजाची मुलं बोटांवर मोजण्याइतकी असली तरी फारसं कोणी बघत नाही. गंमत म्हणजे, त्याच समाजातल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचं पोर गेटबाहेरच राहतं, कारण फी समाज बघून कमी होत नाही. फक्त घाई करा. २०२५ च्या सप्टेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दलच शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे द्यावं का, ते सरन्यायाधीशांवर सोपवलं. उद्या दुकान बंद झालं तर म्हणू नका सांगितलं नाही.

बहुसंख्य समाजाचे आहात? मग दाखल्याची गरजच काय! तुमच्याकडे 'संस्कार' आहेत. शाळेच्या नावात गुरुकुल, विद्यापीठ, तपोवन असं काहीतरी घाला, माहितीपत्रकावर हात जोडलेलं एक गोरं बाळ छापा आणि जिथे फ्लॅट भाड्याने देताना आडनाव बघतात अशा कॉम्प्लेक्सच्या पोटात शाळा काढा. चाळण आपोआप लागते. सरकारचाही हात असतो पाठीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेने त्या २५ टक्के जागा द्यायलाच नकोत. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयांना संस्कार कळत नाहीत.

प्रार्थनेबद्दल एक ओळ. अनुच्छेद २८ सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ही संमती आजवर मला कोणी मागितलेली नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: प्रजासत्ताक दिनाची तयारी. इतकी वर्षं खपून वर्ग छान एकरंगी केल्यावर २६ जानेवारीला 'विविधतेत एकता' बसवायची वेळ येते, तेव्हा विविधता भाड्याने आणावी लागते. यंदा वर्गशिक्षिकांचा मेसेज आला: 'आपल्या पाल्याची भूमिका : मुस्लिम. वेशभूषा पालकांनी आणावी.' हा मान माझ्या मुलाला कसा मिळाला? तर आधी ज्यांना दिला होता त्यांनी परत केला म्हणून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत. 'मॅम, आम्हाला शीख द्या ना, लग्नातला फेटा घरी आहे.' 'ख्रिश्चन शिल्लक आहे का? सांताचा ड्रेस आहे आमच्याकडे.' आणि एका वडिलांचं, खाली हात जोडलेल्या चित्रासकट: 'मुस्लिम नको, बाकी काहीही चालेल.' त्यावर पटापट अंगठे. मॅमनी लिहिलं, 'ओके सर.'

ड्रेसवाल्याकडे गेले तर त्याच्याकडे 'मुस्लिम सेट' तयारच. जाळीची टोपी, काळं जाकीट, चौकड्यांचा रुमाल आणि चिकटवायची दाढी. दीडशे रुपये भाडं, दाढीचं डिपॉझिट वेगळं, कारण पोरं ती हरवतात. दाढी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे गोंदाची पट्टी, आधीच्या कोणाच्या तरी गालाची पावडर लागलेली. सात वर्षांचा माझा मुलगा आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मुस्लिम झोपताना ही काढून ठेवतात?"

ठाण्यात राहतो हो आम्ही! दोन स्टेशनं पुढे मुंब्रा आहे. ९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली किती मुस्लिम कुटुंबं तिथे येऊन वसली. त्याच लोकलने आम्ही डोंबिवलीला आजीकडे जातो, खिडकीतून त्यांची कपडे वाळत घातलेली गच्ची दिसते, आणि माझ्या पोराला वाटतं की मुसलमान हे दाढी लावून झालेले असतात. तिथल्या एखाद्या शाळेतही त्याच सकाळी एखाद्या पोराला गंधाचा टिळा ओढून, उपरणं पांघरून 'हिंदू' केलं असेल. त्यानेही घरी जाऊन आईला असलंच काहीतरी विचारलं असेल. दोन्हीकडे टाळ्या मात्र जोरदार पडल्या असतील.

या विषयावर बोललं की लगेच कोणीतरी म्हणतं, 'बघा, त्या मिशनऱ्यांच्या शाळाच बंद करा.' आधी आकडे बघा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ख्रिश्चन शाळांतली जवळपास तीन चतुर्थांश मुलं अल्पसंख्याक समाजांबाहेरची निघाली. माझी आई वसईला नन्सच्या शाळेत शिकली, मराठीतून. तिला अजून हरिपाठ पाठ आहे आणि कुपारी ख्रिश्चन मैत्रिणीच्या घरचं नाताळचं जेवणही. मुंबईत १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लाम या मुस्लिम संस्थेने शाळा उभ्या केल्या. घरच्यांनी एरवी उंबरठा ओलांडू दिला नसता अशा किती मुली उर्दू शाळांमुळेच वर्गात येऊन बसल्या. त्या शाळा बंद करून त्या मुली तुमच्या 'संस्कारा'त येणार होत्या का? आल्या असत्या तर घेतलं असतंत का? शाळा कोणी काढली, याने माझं काही बिघडत नाही. बाकावर शेजारी कोण बसतं, एवढंच मी विचारते. आणि हे निधर्मी म्हणवणाऱ्या सरकारी शाळांनाही लागू आहे. महापालिकेच्या एकाच इमारतीत एका मजल्यावर मराठी माध्यम, दुसऱ्यावर उर्दू, मधली सुट्टी वेगवेगळी. मुलं भेटलीच तर जिन्यात.

हे जमत नसतं असंही नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात समाजवार वसतिगृहं काढली, मुसलमानांचं वेगळं, जैनांचं वेगळं, कारण तेव्हा एका पंक्तीला बसायला कोणी तयार नव्हतं. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा सगळ्या जातिधर्मांची पोरं एका चुलीवरचं जेवायला बसवली. लोकांनी शिव्या घातल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. शंभर वर्षं झाली त्याला. आणि आपण एसी वर्गाला लाखभर रुपये भरून दाढी भाड्याने आणतोय.

पुरे झाला उपरोध. साहेब, 'मुस्लिम नको' लिहिणारे तुम्ही, त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या डीपीवर तिरंगा होता. लाज वाटायला हवी होती. अंगठे दाखवणाऱ्यांनाही, आणि 'ओके सर' लिहून मोकळ्या झालेल्या बाईंनाही. देवधर्म शिकवायला घर आहे, आजी आहे, देऊळ आहे, मदरसा आहे, रविवारची चर्चची शाळा आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही. दिवसाचे सहा तास तेवढे पोरांना सगळ्यांच्या पोरांबरोबर बसू द्या, भांडू द्या, एकमेकांचा डबा हिसकावू द्या. तेवढंही तुमच्याच्याने होत नसेल तर स्टेजवर एकतेची गाणी म्हणायला लावू नका त्यांना.

आणि ट्रस्टींना: पुढच्या पालकसभेत मी उभी राहून विचारणार आहे. गेल्या पाच वर्षांत या शाळेत इतर धर्मांच्या मुलांचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि प्रत्येक वेळी कारण काय दिलं? उत्तर तोंडी नको. शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्या.